पोर्तुगीज वास्तुशैली, वसई

खानदेशात पोर्तुगीज बांधकाम नाही. जळगाव-धुळ्याकडची जुनी घरे मातीच्या धाब्याची. ही शैली पाहायची तर वसईचा किल्ला गाठावा. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि तटाच्या आत त्यांनी चर्च, मठ, वाडे असे अख्खे शहर वसवले. तटाला दहा बुरूज आहेत. आतील बालेकिल्ल्याच्या दरवाजावर क्रूस आणि खगोलाची प्रतिकृती कोरलेली आहे. समुद्रसंचाराच्या अभिमानाचीच ती खूण. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यात अंधारा, अरुंद गोल जिना आहे. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत अक्षरे कोरलेली थडगी जडवली आहेत. आज छत नसल्याने पावसाचे पाणी थेट त्या अक्षरांवर पडते. कमानी युरोपच्या, दगड मात्र इथलाच, चुन्यात बसवलेला.

मे १७३९ मध्ये मराठा सेनानी चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. त्यांतली एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ साल आहे. खानदेशातून जवळ पडणारा वसईचा हा अवशेष वास्तू नसून घंटा आहे.