हानले : अंधार जपणारे गाव

लडाखच्या चांगथांग भागातील हानले गावाजवळ, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या या केंद्रात २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. कोरडी, विरळ हवा आणि तुरळक लोकवस्ती यांमुळे येथील रात्र अतिशय काळोखी असते. हा काळोख टिकावा, यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये वेधशाळेभोवतीचे १,०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र गडद आकाश राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाले. घरांना जाड पडदे, बाहेरच्या दिव्यांवर आच्छादन आणि मोटारींच्या दिव्यांवर मर्यादा, ही येथील शिस्त. प्रशिक्षित स्थानिक रहिवासी पर्यटकांना दुर्बिणीतून आकाशदर्शन घडवितात. अंधार हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन झाले आहे.

आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग टिपण्यासाठी जून ते सप्टेंबरमधील अमावास्येच्या आसपासच्या निरभ्र रात्री अनुकूल ठरतात. कॅमेरा तिपाईवर बसवून, रुंद कोनाच्या भिंगाने शटर १५ ते २० सेकंद उघडे ठेवावे. त्याहून अधिक वेळ ठेवल्यास पृथ्वीच्या परिवलनामुळे ताऱ्यांचे ठिपके लांबट होतात. थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी उबदार खिशात ठेवावी. विरळ हवेची सवय होण्यासाठी आधी लेहमध्ये मुक्काम आवश्यक आहे.

मोटारीच्या प्रखर दिव्याचा एक झोत वेधशाळेच्या निरीक्षणात व्यत्यय आणू शकतो आणि शेजारच्या छायाचित्रकाराचे चित्र वाया घालवतो. दिपलेल्या डोळ्यांना अंधाराची पुन्हा सवय होण्यास सुमारे अर्धा तास लागतो. म्हणून येथे मंद तांबडा दिवाच वापरावा.