संगणकाचा वेग आणि पाण्याचा गारवा

आजच्या भाषणाचा विषय कित्येकांस केवळ तरुणांचा छंद वाटण्याचा संभव आहे. घरगुती संगणकाच्या पोटांत प्रोसेसर म्हणून जी सिलिकॉनची चिप असते, तिला कारखानदारानें ठरवून दिलेल्या वेगापेक्षां अधिक वेगानें चालविणें, आणि त्यामुळें वाढणारा ताप पाण्याच्या नळ्यांनीं बाहेर काढून नेणें, हा तो विषय होय. ह्या उद्योगास 'ओव्हरक्लॉकिंग' असें नांव आहे. परंतु त्याचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे त्यांत एक मोठा प्रश्न दडलेला दिसतो. वस्तूवर जो आंकडा छापलेला असतो, ती तिच्या शक्तीची सीमा असते, कीं तिच्या शक्तीविषयीं दिलेली केवळ हमी? आणि खरी सीमा घालतो कोण, कारखानदार कीं सृष्टि?

प्रोसेसरचें सारें काम तालावर चालतें. शाळेच्या कवाइतींत शिक्षकाच्या शिट्टीबरोबर मुलांचीं पावलें पडतात, त्याप्रमाणें एका स्फटिकाच्या कंपनांवरून निघालेल्या ठोक्यांबरोबर चिपमधील लक्षावधि विद्युत्-कळा उघडतात व मिटतात. १९८१ सालीं आय. बी. एम्. कंपनीनें आपला घरगुती संगणक बाजारांत आणला, तेव्हां त्यांतील इंटेल ८०८८ ह्या चिपला सेकंदास सुमारें ४७ लक्ष ७० हजार ठोके पडत. १९८४ सालीं त्याच कंपनीचा 'ए. टी.' नांवाचा संगणक निघाला. त्याचा वेग सेकंदास ६० लक्ष ठोके होता. चौकस मालकांच्या लौकरच ध्यानांत आलें कीं, हा वेग ज्या स्फटिकावर अवलंबून आहे तो खोबणींतून काढून दुसरा बसवितां येतो. तसें करतांच तेंच यंत्र ८० लक्ष ठोक्यांनीं बिनतक्रार चालूं लागलें. कंपनीस हें रुचलें नाहीं. तिनें पुढील यंत्रांच्या मूळ आज्ञावलींत वेग तपासणारी एक चौकीच बसविली. मालक आणि कारखानदार यांच्यांतील ही ओढाताण तेव्हांपासून चालत आलेली आहे.

परंतु छापील आंकड्याहून अधिक वेग मुळांत साधतो कसा? चिपा घडविल्यानंतर त्यांची परीक्षा घेतात, व जी चिप ज्या वेगास खात्रीनें टिकते त्या वेगाचा शिक्का तिच्यावर मारतात. खात्रीसाठीं थोडा वाव राखून ठेवणें हें शहाणपणाचेंच असतें. पण पुष्कळदां असेंहि होतें कीं, बाजारांत मागणी स्वस्त मालाची असते आणि कारखान्यांत उत्तीर्ण होतात त्या बहुतेक पहिल्या वर्गाच्या चिपा. मग पहिल्या वर्गांतल्या चिपेवरहि तिसऱ्या वर्गाचा शिक्का बसतो! ज्यानें आयुष्य परीक्षा घेण्यांत घालविलें, त्या माझ्यासारख्यास ही गोष्ट फार बोलकी वाटते. गुणपत्रिका ही पात्रतेची खूण असते. पात्रतेची इयत्ता तिच्यांत मावतेच असें नाहीं.

ह्याचें गाजलेलें उदाहरण १९९८ च्या ऑगस्टमधलें आहे. इंटेलनें सेलेरॉन ३००-ए ही चिप १४९ डॉलर दरानें जाहीर केली. तिचा वेग सेकंदास ३० कोटि ठोके. त्याच दिवशीं ४५ कोटि ठोक्यांची पेंटियम टू ही चिप ६६९ डॉलरांस जाहीर झाली. मुख्य फलकाचा ताल ६६ दशलक्षांवरून १०० दशलक्षांवर नेला, कीं स्वस्त सेलेरॉनहि बहुधा ४५ कोटि ठोक्यांनीं धांवूं लागे. ही बातमी जगभर पसरली आणि मूठभर हौशी मंडळींच्या विद्येचा मोठा संप्रदाय झाला.

कारखानदारांचीहि एक बाजू होती. कांहीं लबाड व्यापारी मंद चिपांवरील शिक्का पुसून वरचा शिक्का मारीत व अजाण गिऱ्हाइकास फसवीत. म्हणून ठोक्यांचा गुणक चिपमध्यें कायमचा कुलुपबंद करण्याची प्रथा पडली. तरीहि हौस थांबली नाहीं. २००० सालीं ए. एम्. डी. कंपनीच्या कांहीं अ‍ॅथलॉन व ड्यूरॉन चिपांच्या पाठीवर बारीक तुटलेले धातूचे पूल दिसत. ते साध्या शिसपेन्सिलीच्या रेघेनें जोडले कीं कुलूप उघडे. कारण पेन्सिलींतील ग्राफाइट हें वीजवाहक आहे. मुलाच्या दप्तरांतील पेन्सिलीनें अब्जावधि डॉलरांच्या धंद्याचें कुलूप उघडावें, ह्याची मौज कोणास वाटणार नाहीं?

मनुष्यानें घातलेलें कुलूप मनुष्य उघडतो. सृष्टीचें कुलूप मात्र तसें उघडत नाहीं. चिपमध्यें निर्माण होणारी उष्णता ठोक्यांच्या संख्येच्या प्रमाणांत वाढते आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग फार वाढविला म्हणजे चिप डळमळूं लागते, आणि तिला स्थिर ठेवण्यास दाबहि वाढवावा लागतो. वेग एक-दशांशानें वाढविला व दाबहि एक-दशांशानें वाढविला, तर उष्णता जवळजवळ एक-तृतीयांशानें वाढते. वेगावर सृष्टीनें बसविलेला हा करच म्हणावयाचा, आणि त्यांत सूट नाहीं.

ही उष्णता वाहून नेण्यास पाण्यासारखा हमाल नाहीं. सारख्याच आकारमानाचें पाणी व हवा घेऊन दोहोंचें तपमान सारखेंच वाढविलें, तर पाणी हवेच्या सुमारें साडेतीन हजारपट उष्णता पोटांत घेतें. मोठ्या यंत्रांचे कर्ते हें फार पूर्वींच जाणत होते. आय. बी. एम्. च्या ३६०/९१ ह्या यंत्रांत १९६० नंतरच्या दशकांतच पाणी खेळविलेलें होतें. १९८० सालीं जाहीर झालेल्या ३०८१ यंत्रांत तर एकेका पेटींत शंभराहून अधिक चिपा, प्रत्येकीच्या पाठीवर स्प्रिंगनें टेकविलेला धातूचा दट्ट्या, मधल्या फटींत हेलियम वायु आणि वर थंड पाणी, अशी रचना होती. सेमूर क्रे यांनीं १९८५ सालच्या क्रे-२ ह्या यंत्रांत आणखी पुढचें पाऊल टाकलें. प्रकाशसुद्धां सेकंदाच्या शंभर कोटींश भागांत सुमारें एक फूटच जातो. म्हणून वेग हवा असेल तर तारा आंखूड हव्या, आणि तारा आंखूड हव्या तर सारें दाटीनें बसवावयास हवें. दाटी झाली कीं उष्णता कोंडली! तेव्हां क्रे यांनीं सबंध यंत्रच फ्लोरिनर्ट नांवाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवांत बुडवून ठेवलें.

जें संस्थानिकांनीं केलें तें पुढें गृहस्थांनींहि केलें. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हौशी तरुण मोटारगाडीच्या हीटरचें जाळें, मत्स्यपेटीचा पंप आणि तांब्याचा कोरलेला ठोकळा यांतून घरच्याघरीं ही योजना उभारूं लागले. चिपेच्या पाठीवर ठोकळा, ठोकळ्यांतून पाणी, पाण्यांतून उष्णता जाळ्याकडे, आणि तेथें पंख्यानें हवेंत. ह्यांत रसायनशास्त्राचा धडाहि होता. एकाच पाण्यांत तांबें व अ‍ॅल्युमिनियम आलें कीं त्याचा विद्युत्-घट बनतो व अ‍ॅल्युमिनियम झिजत जातें. शिवाय पाण्याचा गारवा खोलींतील हवेपेक्षां खालीं कधींच जात नाहीं. वैशाखांत खोली चाळिशीला पोंचली म्हणजे पाणीहि चाळिशीच्या वरच राहावयाचें. बर्फानें वा अन्य युक्तीनें त्याखालीं गेलें, तर दमट हवेंत नळ्यांवर दंव सांठतें आणि तेंच थेंब यंत्राचा घात करतात. २००४ सालीं अ‍ॅपल कंपनीनेंहि आपल्या वेगवान पॉवर मॅक जी-५ मध्यें द्रवशीतन बसविलें. म्हणजे हौशांची युक्ति दुकानांतल्या मालांत आली.

तेंच २००४ साल ह्या इतिहासांतील वळण ठरलें. चिपेचे भाग लहान करीत गेलें असतां दाबहि त्याच प्रमाणांत उतरवितां येतो व उष्णता आटोक्यांत राहते, हा नियम रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९७४ सालीं मांडला होता. त्या नियमाची पुण्याई तीस वर्षांनीं सरली. पेंटियम फोर चिप ३८० कोटि ठोक्यांवर आली आणि तेथेंच अडखळली. ४०० कोटींची वचन दिलेली चिप इंटेलला रद्द करावी लागली, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनीं ऑक्टोबरांत भर सभेंत गुडघे टेकून विनोदानें श्रोत्यांची क्षमा मागितली. विनोद खरा, पण हार उष्णतेपुढची होती.

मग उपाय कोणता? एकट्या घोड्यास चाबूक मारण्यापेक्षां घोडे वाढविणें. २००५ पासून घरगुती चिपांत दोन व पुढें अनेक गाभे आले. ही वाट आपल्या पुण्यास अगोदरच परिचित होती. क्रेचीं अधिक शक्तिमान यंत्रें अमेरिकेनें नाकारल्यावर १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' सिद्ध झाला. त्यांत एक अतिवेगवान प्रोसेसर नव्हता. मध्यम वेगाच्या अनेक ट्रान्सप्यूटरांची सहकारिता होती.

वेगाचे विक्रम अजूनहि होतात. २०११ सालीं ए. एम्. डी. ची एक चिप द्रव हेलियमच्या साह्यानें ८४२ कोटि ९० लक्ष ठोक्यांवर गेली आणि २०२२ सालीं इंटेलच्या चिपेनें ९०० कोटींची रेषा ओलांडली. पण हे विक्रम मल्लाच्या क्षणभर उचललेल्या वजनासारखे; त्यांवर नित्याचा संसार चालत नाहीं. पाण्याचा उपयोग मात्र संसाराचा ठरला आहे. पुण्याच्या आयसर संस्थेंतील 'परम ब्रह्म' ह्या महासंगणकांत द्रव थेट चिपांपर्यंत नेलेला आहे, आणि मोठमोठीं संगणक-केंद्रें आज तोच मार्ग धरीत आहेत.

येथेंच एक गोष्ट विसरतां कामा नये. पाणी उष्णता नाहींशी करीत नाहीं. तें ती केवळ दुसरीकडे नेऊन ठेवतें. घरांतला हौशी तरुण ती आपल्याच खोलींत सोडतो व स्वतः घाम पुसतो. त्याचा हिशेब चोख असतो. मोठ्या केंद्रांची उष्णता कोणाच्या अंगणांत पडते, आणि तिच्या शमनासाठीं कोणाच्या वांट्याचें पाणी वाफ होऊन जातें, हा हिशेब समाजानें मागितला पाहिजे. छापील आंकड्यापुढें जाण्याची जिद्द तरुणांत अवश्य असावी. मात्र पुढें टाकलेल्या प्रत्येक पावलाचा कर कोणी तरी भरतो, ही जाणीवहि तिच्यासोबत असावी, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.