चाळिशीतला शिलेदार

ज्या नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथे शस्त्र धरावे की न धरावे हा प्रश्न परका नाही. अर्जुनाला तो रणांगणावर पडला. आमच्या कामगाराला तो कारखान्याच्या फाटकाशी पडतो. चाळिशी गाठलेला एखादा फिटर आम्हांस विचारतो, "दादा, प्रादेशिक सेनेत या वयात घेतात का? आणि घेतले तर जावे का?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. प्रवेशाचे वय अठरा ते बेचाळीस. दुसऱ्यासाठी मात्र थोडा इतिहास चाळावा लागतो.

घर-शेत सांभाळून लढाईस जाणे ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. शिवकाली पावसाळ्यात फौज छावणीला परते आणि दसऱ्यानंतर मुलूखगिरीस निघे. घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग. बारगिराचा घोडा सरकारचा. शिलेदार आपला घोडा आणि हत्यार घेऊन येई. चाळिशीत सैन्याकडे वळणारा कामगार आम्हांला या शिलेदारासारखा वाटतो. त्याचा घोडा म्हणजे त्याच्या हातातली वीस वर्षांची कारागिरी.

इंग्रजी अमलात ही रीत रंगावरून विभागली गेली. 1920 साली दोन कायदे झाले. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांच्यासाठी ऑक्झिलिअरी फोर्स, हिंदी लोकांसाठी इंडियन टेरिटोरियल फोर्स. जी. आय. पी. रेल्वेच्या नावाची पलटण पहिल्या फौजेत होती. एकाच रेल्वेचा पगार घेणाऱ्या दोघांपैकी कोण कोणत्या फौजेचा, हे जन्मावरून ठरे!

स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये प्रादेशिक सेनेचा कायदा झाला आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे उद्घाटन झाले. येथे येणाऱ्याने आपला रोजगार सोडावयाचा नाही. उलट, स्वतःचे पोट भरण्याचे साधन असणे हीच अट. वर्षातून काही आठवडे प्रशिक्षण घ्यावयाचे, प्रसंग पडला तर बोलावणे येईल. 1962, 1965 आणि 1971 या तिन्ही प्रसंगी या सेनेच्या तुकड्यांनी काम केले.

आता कायद्याचे कलम 7-अ पाहा. आम्ही ते युनियनच्या कचेरीत पुष्कळांना वाचून दाखविले आहे. सैनिकी सेवेसाठी बोलावलेला कामगार परत आला, की मालकाने त्याला पुन्हा कामावर घेतले पाहिजे, असे ते कलम सांगते. विशीतल्या पोराला हे कलम नसले तरी एक वेळ चालेल. त्याची दुनिया अजून उभी राहावयाची असते. चाळिशीच्या माणसामागे मुलांची शाळा, म्हातारे आईबाप, सोसायटीचे कर्ज आणि फंडाचे खाते असते. देशासाठी तो काय देऊ शकेल, हे पुष्कळसे त्याची जागा कोण राखतो यावर ठरते.

येथवर सारे सरळ आहे. पण 1974 चे वर्ष विसरून चालणार नाही. 8 मेपासून 27 मेपर्यंत देशातील रेल्वे कामगारांचा संप चालला. जॉर्ज फर्नांडिस पुढारी होते. त्या वेळी प्रादेशिक सेनेच्या रेल्वे तुकड्यांना सेवेत बोलावण्यात आले. म्हणजे जो कालपर्यंत सहकारी होता, तोच गणवेश चढवून गाड्या चालविण्यास आला. सेवेवर असता लष्करी कायदा लागू होतो आणि त्यात संघटनेच्या सभासदत्वावर बंधन आहे. "मी येत नाही" म्हणावयास त्याला जागा नव्हती. आम्ही त्या माणसांना दोष देत नाही. सही करताना त्यांनी शत्रू सीमेवर असेल असे धरले असणार. तो प्रश्न यार्डात उभा राहील, हे कोणी त्यांना सांगितले नव्हते.

दुसरीही बाजू आहे. नेवाशाच्या शेजारी, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 2017 साली प्रादेशिक सेनेची 136 वी पर्यावरण पलटण महार रेजिमेंटशी जोडून उभी राहिली. तिच्यात सैन्यातून निवृत्त झालेले लोक पुन्हा दाखल होतात आणि उजाड माळावर झाडे लावतात. वय झालेल्या सैनिकाला मराठवाड्याच्या दुष्काळाशी झुंज देण्याचे काम मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून त्या फिटरास आम्ही जा असेही म्हणत नाही आणि जाऊ नको असेही नाही. आम्ही तीन गोष्टी विचारतो. बोलावणे हंगामात आले तर घर किती दिवस तग धरील? मालकाशी कागदोपत्री काय बोलला आहेस? आणि उद्या संप झाला व गणवेशाचा हुकूम निघाला, तर काय करशील? पहिली दोन उत्तरे आम्ही त्याच्याबरोबर बसून काढू. तिसरे त्याने घरी जाऊन, बायकोशी बोलून, बेचाळीस पुरी होण्याआधी स्वतः द्यावयाचे आहे.