रात्रीचा तळ कुठे टाकायचा? कोलोरॅडो नदीकाठच्या मुक्कामांचा दीडशे वर्षांचा डेटा

प्रपोजल लिहायला बसलं की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. डेटा कुठून आणायचा? त्यातून विषय जर शंभर-दीडशे वर्षांतल्या बदलांचा असेल, तर विचारूच नका. त्या काळात कोणी सेन्सर लावले नव्हते, सर्व्हे केले नव्हते. मग आपण म्हणतो, "डेटा उपलब्ध नाही," आणि विषय बदलतो.

आजचा लेख अशाच एका डेटाबद्दल आहे, जो सुरुवातीला कोणीही डेटा म्हणून गोळा केला नव्हता. अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमधून होडीनं जाणारी माणसं रोज संध्याकाळी एक निर्णय घेत आली आहेत: आजचा मुक्काम कुठे? या निर्णयाच्या नोंदींतून नदीचा इतिहास कसा उभा राहिला, ते बघू. माझा स्वतःचा विषय नदीतला गाळ, म्हणून मी या साहित्यापर्यंत पोचले. पण तुमचा विषय कुठलाही असला तरी यातून घेण्यासारखं बरंच आहे.

आधी जागा समजून घेऊ

कोलोरॅडो पठार म्हणजे उंचावरचं वाळवंट. त्याचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे. त्याला चिरत नदी खाली गेली आणि खोल दऱ्या तयार झाल्या. ग्रँड कॅनियनमधली नदीची लांबी सुमारे ४४६ किलोमीटर. दोन्ही बाजूंना कडे. म्हणजे होडीनं निघालात की मनात येईल तिथे उतरता येत नाही.

मग उतरायचं कुठे? बाजूच्या छोट्या दऱ्यांतून पावसाळी लोंढे येतात आणि मोठमोठे धोंडे मुख्य नदीत आणून टाकतात. त्या ढिगामुळे पात्र आवळतं, पाणी उसळतं आणि रॅपिड तयार होतो. रॅपिडच्या खाली पात्र पुन्हा रुंद होतं, तिथे काठालगत पाणी उलटं फिरतं. या संथ भोवऱ्यात वाळू खाली बसते आणि पट्टा तयार होतो. जवळजवळ सगळे चांगले तळ म्हणजे असे वाळूचे पट्टे. थोडक्यात, माणूस तिथेच झोपतो जिथे नदी वाळू ठेवते. म्हणूनच मुक्कामाची नोंद ही आपोआप वाळूचीही नोंद होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

या दऱ्यांत १८६९ च्या आधी कोणी राहत नव्हतं, असं मात्र समजू नका. हवासुपाई, हुआलापाई, होपी, पायूट, नवाहो यांचं या भागाशी फार जुनं नातं आहे, आणि नदीकाठी जुन्या वस्त्यांचे अवशेषही आहेत. आपण फक्त होडीच्या प्रवासातल्या लेखी नोंदींपासून सुरुवात करतोय.

१८६९ : पॉवेलचे मुक्काम

जॉन वेस्ली पॉवेल हा भूगर्भशास्त्राचा अभ्यासक. यादवी युद्धात, १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत त्याचा एक हात गेला होता. २४ मे १८६९ ला तो वायोमिंगमधून ग्रीन नदीवर निघाला. एकूण दहा माणसं, चार होड्या, दहा महिन्यांचा शिधा. ग्रीन नदी पुढे कोलोरॅडोला मिळते, आणि ३० ऑगस्टला व्हर्जिन नदीच्या मुखाशी मोहीम संपली तेव्हा सहाच माणसं उरली होती.

या प्रवासात तळ निवडणं म्हणजे सोय बघणं नव्हतं. जूनमध्ये लोडोर कॅनियनमध्ये त्यांनी झाडीला लागून तळ टाकला. वारा सुटला, चुलीचा जाळ झुडपांत शिरला आणि सगळ्यांना होड्यांकडे पळावं लागलं. स्वयंपाकी हॉकिन्स भांडी कवटाळून धावला आणि पाण्यात पडला. भांडी गेली ती गेलीच. पुढे ग्रॅनाइटच्या अरुंद घळीत तर तळ टाकायला वाळूच नव्हती. पाऊस चालू, कुणी कपारीत बसलेलं, कुणी उतारावर टेकलेलं, अशा रात्री काढाव्या लागल्या.

तळावरून मतभेदही होते. पॉवेलला अक्षांश-रेखांश काढायला एका जागी थांबायचं असे. ७ ऑगस्ट १८६९ ला सूर्यग्रहण होतं. ते बघायला तो आणि त्याचा भाऊ कडा चढून गेले, पण ढग आले, पाऊस पडला आणि परतताना अंधारात वाट न सापडल्यानं रात्र खडकावरच काढावी लागली. काही दिवसांनी लिटल कोलोरॅडोच्या संगमावर पुन्हा निरीक्षणांसाठी मुक्काम वाढला. इकडे डुकराचं खारवलेलं मांस खवट झालं होतं, पीठ संपत आलं होतं. माणसांना पुढे सरकायचं होतं. आता विचार करा, "संगमावर तीन दिवस थांबले" ही नोंद वाचून कोणी म्हणालं की तिथे उत्तम तळ असणार, तर? थांबण्याचं कारण आकाशात होतं, वाळूत नव्हतं. डेटा वाचताना तो का निर्माण झाला हे विचारायचं, ते यासाठी.

अहवाल वाचताना सावध

पॉवेलचा प्रसिद्ध अहवाल १८७५ चा. तो रोजनिशीच्या थाटात आहे, तारखा टाकलेल्या, वर्तमानकाळात लिहिलेला. वाचताना वाटतं, हा माणूस संध्याकाळी तळावर बसून लिहितोय. प्रत्यक्षात तो नंतर लिहिलेला आहे. १८७१-७२ मध्ये पॉवेलनं दुसरी मोहीम केली होती, आणि त्या प्रवासातले काही प्रसंग त्यानं १८६९ च्याच गोष्टीत मिसळले. दुसऱ्या मोहिमेतल्या माणसांचा उल्लेखही केला नाही.

मग खरं काय ते कसं कळणार? जॉर्ज ब्रॅडली नावाचा माणूस पहिल्या मोहिमेत गुपचूप डायरी लिहीत होता. जॅक समनरचीही नोंदवही होती. ही कागदपत्रं १९४७ मध्ये युटाच्या ऐतिहासिक त्रैमासिकात छापली गेली. ब्रॅडलीची डायरी कुरकुरीनं भरलेली आहे: जेवण, ऊन, आणि नेत्यानं घेतलेले निर्णय. पण संशोधकाच्या दृष्टीनं ती फार मोलाची, कारण ती त्या-त्या दिवशी लिहिलेली आहे आणि कोणाला दाखवण्यासाठी नाही.

मात्र लगेच "ब्रॅडली खरा, पॉवेल खोटा" असा निष्कर्ष काढू नका. खडकांचे थर समजून घ्यायचे असतील तर पॉवेलच लागेल. अमुक रात्री ते नक्की कुठे होते हे हवं असेल तर ब्रॅडली आणि समनर. कोणता स्रोत चांगला, हे तुमच्या प्रश्नावर ठरतं.

न बांधलेली रेल्वे आणि शेकडो फोटो

दुसरा टप्पा वीस वर्षांनंतरचा. १८८९ मध्ये या नदीच्या काठानं रेल्वे नेण्याची कल्पना निघाली. पाहणी करताना कंपनीचा अध्यक्ष फ्रँक ब्राउन आणि आणखी दोघं बुडाले. मुख्य अभियंता रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटन त्याच हिवाळ्यात नव्या तयारीनं परत आला. १ जानेवारी १८९० ला त्याचा छायाचित्रकार निम्स कड्यावरून पडला आणि पाय मोडला. त्याला दरीतून वर काढून पाठवावं लागलं. स्टँटनला फोटोग्राफी येत नव्हती, तरी कॅमेरा त्यानं हातात घेतला आणि वळणामागून वळण फोटो काढत गेला. हेतू एकच, इथे रूळ टाकता येतील हे भांडवलदारांना दाखवायचं.

रेल्वे कधीच झाली नाही. फोटो राहिले.

शंभर वर्षांनी अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणातला रॉबर्ट वेब आणि त्याचे सहकारी त्याच जागी उभे राहिले आणि चारशेहून जास्त फोटो पुन्हा काढले. १९९६ मध्ये त्यावर पुस्तक आलं. जोड्या शेजारी ठेवल्या की काय दिसतं? बरेचसे रॅपिड जसेच्या तसे आहेत, काही मात्र धोंड्यांच्या लोंढ्यांनी बदलले. काही वाळवंटी झाडं तर शंभर वर्षांनंतरही तीच, त्याच जागी. आणि काठावर जिथे उघडी वाळू होती, तिथे अनेक ठिकाणी आता झाडोरा.

गंमत बघा. स्टँटननं वाळूचे फोटो काढलेच नव्हते, त्यानं रेल्वेच्या मार्गाचे काढले. पण रेल्वेचा मार्ग दाखवायचा म्हणजे काठ दाखवावा लागतो, आणि काठावर वाळू असते.

१९६३ नंतर वाळू कुठे गेली?

१३ मार्च १९६३ ला ग्रँड कॅनियनच्या वरच्या बाजूला ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे बंद झाले. वरून येणारी वाळू जलाशयात अडकली. खाली स्वच्छ, थंड पाणी सुटू लागलं, ते पट्ट्यांची वाळू नेत होतं पण आणत नव्हतं. आता नव्या वाळूसाठी भरवसा पारिया आणि लिटल कोलोरॅडो या दोन उपनद्यांवर. शिवाय दरवर्षीचा मोठा पूर थांबला. पूर थांबला म्हणजे वाळू उंचावर टाकणारं कोणी नाही, आणि काठावरची झुडपं उपटणारंही कोणी नाही.

त्यात वीज. मागणी वाढली की पाणी जास्त, रात्री कमी. धरणातलं पाणी खाली पोचायला तास लागतात, त्यामुळे प्रत्येक तळावर ही 'भरती-ओहोटी' वेगळ्या वेळी येते. संध्याकाळी पाण्यात बांधलेली होडी सकाळी कोरड्या वाळूवर, किंवा उलट, अंथरुणापर्यंत पाणी. तळ निवडणाऱ्याला आता सावली, वारा आणि बाजूच्या दरीतला लोंढा याखेरीज विजेचं वेळापत्रकही डोक्यात ठेवावं लागलं.

आणि नेमकी याच काळात गर्दी वाढली. १९७२ पर्यंत वर्षाला सोळा हजारांहून जास्त लोक या नदीतून जाऊ लागले होते. पट्टे कमी, माणसं जास्त. तेव्हा कुठे 'तळ किती आहेत' हा औपचारिक प्रश्न झाला आणि मोजणी सुरू झाली.

मोजायचं म्हणजे नक्की काय?

तळांच्या याद्या १९७३, १९८३ आणि १९९१ मध्ये झाल्या. १९९१ मध्ये २२६ तळ मिळाले. ही संख्या १९७३ पेक्षा ३२ टक्क्यांनी कमी आणि १९८३ पेक्षा ४८ टक्क्यांनी कमी. आता सांगा, तुम्ही पेपरात कोणता आकडा लिहाल?

घाई नको. १९८३ च्या उन्हाळ्यात बर्फ वितळून जलाशय भरला आणि सेकंदाला २,६०० घनमीटरपेक्षा जास्त पाणी सोडावं लागलं. त्या पुरानं पात्राच्या तळाची वाळू उचलून काठावर टाकली, म्हणून त्या यादीत तळ जास्त. १९८३ ला 'सामान्य वर्ष' धरलं तर ऱ्हास फुगून दिसतो. ४८ टक्के हा आकडा खोटा नाही, पण त्याच्या शेजारी पुराचं वाक्य लिहिलं नाही तर वाचकाची फसवणूक होते.

दुसरा प्रश्न व्याख्येचा. तळ म्हणजे काय, हे गाइडला विचारलं तर तो अनुभवानं सांगेल. मोजणाऱ्याला नियम लागतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी सर्वेक्षण करणाऱ्यांनी नियम केला: पृष्ठभाग सपाट, शक्यतो वाळूचा, उतार ८ अंशांपेक्षा जास्त नाही, झाडोरा जवळपास नाही. आपण यालाच कार्यकारी व्याख्या म्हणतो. परीक्षेत पाठ करतो, पण तिची खरी किंमत इथे कळते. कारण या व्याख्येमुळे एक गोष्ट समोर आली: एखाद्या पट्ट्यावर वाळू टिकून असते, तरी झोपायची जागा कमी होते. कारण झुडपं. फक्त वाळूचं आकारमान मोजलं असतं तर हे दिसलंच नसतं.

१९९६ च्या मार्च-एप्रिलमध्ये धरणातून मुद्दाम पूर सोडला गेला, सात दिवस, सेकंदाला सुमारे १,२७४ घनमीटर. पट्टे वाढले, पुढच्या महिन्यांत पुन्हा झिजले. २००४, २००८ आणि २०१२ नंतरही अनेकदा हा प्रयोग झाला. आता शक्यतो पारियानं ताजी वाळू आणल्यावर पूर सोडायचा, असा हिशेब असतो. १९९६ पासूनच नदीवरचे गाइड ठरलेल्या पट्ट्यांचे ठरलेल्या जागेवरून फोटो काढतात. म्हणजे रोज तळ निवडणारी माणसंच आता जाणूनबुजून डेटा गोळा करतात.

तुमच्यासाठी काय?

पॉवेलला नकाशा हवा होता, ब्रॅडलीला मन मोकळं करायचं होतं, स्टँटनला रेल्वे, गाइडला रात्रीची झोप. यातल्या कोणाचाही प्रश्न 'धरणामुळे वाळूचं काय झालं' हा नव्हता. तरी उत्तर त्यांच्या नोंदींतून मिळालं, कारण पुढच्या संशोधकांनी प्रत्येक नोंदीचा मूळ हेतू ओळखला आणि तेवढ्यापुरताच तिच्यावर विश्वास ठेवला.

तर प्रपोजलमध्ये "डेटा उपलब्ध नाही" लिहिण्याआधी एक काम करा. तुमच्या विषयाशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, अशा लोकांची यादी काढा. ते रोज कोणता निर्णय घेतात आणि तो कुठे लिहून ठेवतात? वही, रजिस्टर, पावती, फोटो, काहीही. मग प्रत्येकासमोर तीन रकाने करा: कोणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, घटनेनंतर किती दिवसांनी लिहिलं. हे तीन रकाने भरता आले, तर तुमच्या मेथडॉलॉजीच्या प्रकरणाचा अर्धा भाग तयार आहे. आणि मधला रकाना रिकामा राहिला, तर तो स्रोत सध्या बाजूला ठेवा.