यंत्राच्या नाकाला फडकें

पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राचें मुख्य अन्न पेट्रोल नसून हवा आहे, असें म्हटलें तर पुष्कळांस तें विपरीत वाटेल. परंतु एक लिटर पेट्रोल जळण्यास सुमारें ९,००० लिटर हवा लागते. ही सारी हवा यंत्र आपल्या तोंडाशीं असेल तशी ओढून घेतें, आणि तींत धूळ असेल तर तीहि पोटांत जाते. पिण्याचें पाणी फडक्यानें गाळून घ्यावें हें ज्यास कळतें, त्यास यंत्राची हवा गाळण्याची बुद्धि लवकर व्हावयास हवी होती. पण तसें झालें नाहीं. फोर्डच्या कारखान्यांतून १९०८ ते १९२७ या काळांत ‘मॉडेल टी’ जातीच्या दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या. त्यांत पेट्रोल गाळण्याची जाळी होती, हवा गाळण्याचें साधन मात्र कारखान्यानें बसविलेलें नसे.

मोटार निदान आपली धूळ मागच्यांच्या डोळ्यांत टाकून पुढें निघून जाते. ट्रॅक्टर बिचारा स्वतः उकरलेल्या धुळींतच दिवसभर रांगत असतो. १९१५ सालीं अमेरिकेंतील बुल ट्रॅक्टर कंपनीच्या एका गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर असाच वरचेवर नादुरुस्त होऊं लागला. फ्रँक डोनाल्डसन हा कंपनीचा विक्रीच्या कामावरील तरुण इंजिनिअर. दोष धुळीचा आहे, हें त्यानें ओळखलें. धुळींतील वाळूचे कण वंगणाच्या तेलांत मिसळले म्हणजे त्यांचा कुरुंदासारखा लेप बनतो. दट्ट्याच्या प्रत्येक खेपेस तो सिलिंडर खरवडीत राहतो, कड्या झिजतात, दाब निसटतो आणि यंत्राचें बळ सरतें.

डोनाल्डसननें यावर केलेला इलाज घरगुती होता. चुलीच्या धुराड्याची पत्र्याची नळी, तारेचा पिंजरा व त्यावर मऊ लवदार कापड, एवढेंच त्याचें साहित्य. हवा आंत गेली, धूळ कापडावर राहिली.

याचें बक्षीस म्हणून डोनाल्डसनची नोकरी गेली! ट्रॅक्टरला गाळणी लागते असें गिऱ्हाइकास दाखविणें म्हणजे माल सदोष असल्याची कबुली देणें, असें मालकांस वाटलें. मालाची अब्रू सांभाळण्याची ही तऱ्हा अमेरिकेंतच आहे असें नव्हे. डोनाल्डसननें त्याच वर्षीं मिनेसोटांत वडील व भाऊ यांच्या साह्यानें गाळण्या बनविण्याचा स्वतःचा धंदा काढला. तो आजहि चालू आहे.

कापडाच्या गाळणीस एक खोड असते. धूळ सांचली कीं हवेची वाट अडते, पेट्रोलचें प्रमाण वाढतें व यंत्र काळा धूर ओकूं लागतें. म्हणून पुढें हवेस भोवऱ्यासारखें गरगर फिरवून जड कण कडेला फेकणारीं साधनें निघालीं. त्यानंतर तेलाची गाळणी प्रचारांत आली. हींत हवा तेलाच्या वाटीवर आपटून वळते, तेव्हां वळण न साधलेली धूळ तेलांत अडकते. दुसऱ्या महायुद्धांतील जीपगाड्यांस हीच गाळणी असे. वाटी उतरवावी, गाळ खरवडून काढावा, रॉकेलनें धुवावी आणि खुणेपर्यंत नवें तेल ओतावें. एवढें काम घरच्या अंगणांतहि होई, त्यासाठीं मिस्त्रीची वाट पाहावी लागत नसे.