लाखेनगरचे लाखे कोण?

रायपूरच्या विसर्जनाची झांकी पाहिली नाही असा रायपूरकर सापडणे कठीण. जयस्तंभ, मालवीय रोड, सदर बाजार, पुरानी बस्ती असे करत ही मिरवणूक लाखेनगरवरून महादेवघाटाकडे जाते आणि गणराय तिथे निरोप घेतात. आपली मराठी मंडळीही या गर्दीत असतात. लाखेनगर चौकात उभे राहून आपण झांकी पाहतो, भजी खातो, मुलांना खांद्यावर घेतो. पण या चौकाला ज्यांचे नाव आहे ते लाखे कोण, असे बरोबरच्या मुलाने विचारले तर? मी आमच्या मंडळातल्या काही तरुण मित्रांना हा प्रश्न सहज विचारून पाहिला. एकाने सांगितले, कोणी जुने आमदार असावेत. दुसऱ्याने सांगितले, जमिनीचे मालक असतील. वामनराव लाखे हे नाव एकानेही घेतले नाही. हा लेख लिहिण्याचे कारण तेच.

मराठी माणूस छत्तीसगडला परका नाही हे वाचकांना सांगायला नको. बिंबाजी भोसले 1758 ते 1787 या काळात रतनपूरला राहून कारभार पाहत होते. मोडी लिपी आणि दसऱ्याला सोने वाटण्याची चाल या मुलखात त्यांच्याच वेळची मानतात. पुढे 1818 नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले, 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, मग रेल्वे आली, कचेऱ्या आल्या, भिलाईचा कारखाना आला आणि 2000 साली राज्यच वेगळे झाले. प्रत्येक लाटेबरोबर आपली काही घरे इथे आली. तात्यापाऱ्यातली जुनी घरे वेगळी, रेल्वेतली वेगळी, भिलाईहून आलेली वेगळी. 1935 मध्ये इथे महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले आणि या सर्वांना एक अंगण मिळाले. असो. हा इतिहास आपण दरवर्षी कुठल्या ना कुठल्या भाषणात ऐकतोच.

वामनरावांचा जन्म 17 सप्टेंबर 1872 रोजी रायपुरातच झाला. म्हणजे ते नोकरीनिमित्त आलेले नव्हते, इथल्याच मातीतले. वडील बळीराम गोविंदराव लाखे गरिबीतून वर आले आणि कष्टाने त्यांनी काही गावे विकत घेतली. त्या काळी आपल्या मध्यप्रांतात गाव विकत घेणे म्हणजे मालगुजारी घेणे. सारा गोळा करायचा, सरकारचा हिस्सा भरायचा, उरलेला आपला. अशा घरातल्या मुलाने आरामात दिवस काढले असते तर कोणी नाव ठेवले नसते. वामनराव रायपुरात मॅट्रिक झाले, पुढे कायद्याची परीक्षा दिली आणि 1904 पासून वकिली करू लागले. परंतु वकिलीच्या आधीच त्यांनी एक उद्योग केला होता, आणि तो आतबट्ट्याचा होता!

तो उद्योग म्हणजे ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक. माधवराव सप्रे हे वामनरावांचे मित्र, वयाने एक-सव्वा वर्षाने मोठे. सप्रे त्या वेळी पेंड्राच्या राजकुमाराचे शिक्षक होते. जानेवारी 1900 मध्ये पेंड्राहून मासिकाचा पहिला अंक निघाला. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोळकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिन्ही नावे मराठी, आणि मासिक हिंदी! छत्तीसगडच्या पत्रकारितेचा आरंभ या मासिकापासून धरतात. सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा 1901 मध्ये यातच छापून आली आणि हिंदीतील अगदी पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते.

वर्ष लक्षात घ्या. 1899-1900 हा भयंकर दुष्काळाचा काळ, ज्याला जुनी माणसे छप्पन्या म्हणत. भाताच्या या मुलखात लोक अन्नाला मोताद झालेले, आणि त्या वेळी तीन तरुण मासिक काढतात! वेडेपणाच म्हणायचा. वर्गणीदार पुरेसे मिळाले नाहीत, तोटा होत गेला आणि डिसेंबर 1902 मध्ये मासिक बंद पडले. तोट्याच्या काळात प्रकाशक म्हणून नाव कायम ठेवणे म्हणजे काय, हे ज्यांनी कधी स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा केल्या आहेत त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

मला त्यांचा भाषेचा निर्णय फार मोलाचा वाटतो. घरात मराठी, पत्रव्यवहार मराठी, आदर्श पुण्याचा ‘केसरी’. तरीही मासिक काढायचे तर ज्या लोकांत राहतो त्यांना वाचता येईल अशा भाषेत. सप्र्यांनी पुढे 1907 मध्ये नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला, समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत आणले, ते याच विचाराने. मराठीतले उत्तम ते शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवायचे. मराठी अभिमान त्यामुळे कमी झाला असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी सप्र्यांचे चरित्र वाचावे.

त्याच 1907 साली रायपुरात प्रांतिक राजकीय परिषद भरली. स्वागताध्यक्ष डॉ. हरिसिंह गौर. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांचा आग्रह होता की परिषद ‘वंदे मातरम्’ने सुरू व्हावी. त्यावरून वाद झाला आणि मवाळ-जहाल अशी फळी रायपुरातही पडली. सुरतेच्या काँग्रेसमध्ये जे फुटले त्याची चाहूल काही महिने आधी आपल्या गावात लागली होती, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नाही.

आता येतो तो वामनरावांच्या आयुष्याचा मुख्य भाग, आणि तो नेमका सर्वांत कमी सांगितला जातो. भाषण करणाऱ्याला तुरुंगवास सांगायला सोपा, बँक सांगायला अवघड. मी स्वतः बँकेत नोकरी करून निवृत्त झालेला माणूस असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

शेतकऱ्याला पेरणीच्या आधी पैसा लागतो आणि हाती येतो तो पीक निघाल्यावर. मधल्या काळात सावकार. व्याज इतके की एक वर्ष पाऊस चुकला तर जमीन गेलीच. 1904 च्या कायद्याने गावातल्या दहा माणसांना एकत्र येऊन पतसंस्था काढता येऊ लागली. खेड्यातल्या संस्थेत जबाबदारी अमर्यादित असे, म्हणजे एकाने कर्ज बुडवले तर इतरांनी भरायचे. त्यामुळे शेजारी शेजाऱ्यावर लक्ष ठेवी आणि खोट्या माणसाला संस्थेत घेतच नसत. कल्पना उत्तम, पण दहा गरिबांनी एकत्र येऊन भांडवल कोठून आणायचे? ही अडचण 1912 च्या दुसऱ्या कायद्याने दूर केली. आता अनेक गावसंस्था मिळून जिल्ह्याच्या ठिकाणी मध्यवर्ती बँक काढू शकत होत्या. शहरातल्या सुस्थित लोकांच्या ठेवी या बँकेने घ्यायच्या आणि गावसंस्थांना कमी व्याजाने पुरवायच्या.

कायदा होऊन वर्ष उलटते न उलटते तोच, 1913 मध्ये, वामनराव लाख्यांनी रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली. कागदावर हे एका ओळीचे काम दिसते. प्रत्यक्षात शहरातल्या व्यापाऱ्याला पटवायचे की तुझी ठेव कधी न पाहिलेल्या खेड्यातल्या शेतकऱ्याकडे सुरक्षित राहील, आणि खेड्यातल्या शेतकऱ्याला पटवायचे की हा रायपूरचा वकील जमीन लाटायला आलेला नाही. दोन्हीकडे विश्वास असलेला माणूसच हे करू शकतो. मालगुजाराचा मुलगा, म्हणजे ज्या वर्गाचे शेतकऱ्याच्या गरजेवर भागत असे त्याच वर्गातला, सावकारीला पर्याय उभा करतो, हे मला तुरुंगवासाइतकेच धाडसाचे वाटते. खरे सांगायचे तर थोडे जास्तच. आणि हे काम त्यांनी दीर्घकाळ अवैतनिक सचिव म्हणून केले. बँकेच्या सचिवाला दररोज वही उघडावी लागते; त्यात टाळ्या नाहीत, हार नाहीत.

सरकारला असा माणूस आपल्या बाजूला हवा होता. 1916 साली त्यांना रायसाहेब हा किताब मिळाला. इकडे होमरूल चळवळीत ते होतेच, तिकडे किताबही! हा काळ असाच होता, आणि यात विसंगती शोधणाऱ्यांना ती सापडेल. पण 1920 मध्ये असहकाराची हाक आली तेव्हा वामनरावांनी रायसाहेबी परत केली. रायपूरच्या लोकांनी मग त्यांना आपली पदवी दिली, ‘लोकप्रिय’. सरकारी किताबापेक्षा ही पदवी जास्त टिकली. जुन्या लिखाणात आजही ‘लोकप्रिय वामनराव लाखे’ असेच नाव येते.

त्या 1920 सालीच धमतरीजवळच्या कंडेल गावी कालव्याच्या पाण्यावरून शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पंडित सुंदरलाल शर्मा आणि छोटेलाल श्रीवास्तव यांच्या जोडीला त्यात एक मराठी नाव होते, नारायणराव मेघावाले. त्यांच्यावर एक स्वतंत्र लेख व्हायला हवा. पुढच्या वर्षी, 1921 मध्ये, सरकारी शाळा सोडणाऱ्या मुलांसाठी रायपुरात राष्ट्रीय विद्यालय निघाले. त्यामागे सप्रे होते आणि मंत्रिपदाची जबाबदारी लाख्यांकडे आली. पुन्हा तेच, हिशेबाचे आणि व्यवस्थेचे काम!

1930 च्या सविनय कायदेभंगात समुद्र नसलेल्या रायपुरात रसायने मिसळून मीठ तयार करण्यात आले आणि कायदा मोडला गेला. रायपूरच्या आंदोलनाच्या पाच पुढाऱ्यांना लोक पाच पांडव म्हणू लागले. युधिष्ठिर वामनराव लाखे, भीम महंत लक्ष्मीनारायण दास, अर्जुन ठाकूर प्यारेलाल सिंह, नकुल मौलाना अब्दुल रऊफ आणि सहदेव शिवदास डागा. ही नावे पुन्हा एकदा सावकाश वाचा. एक मराठी वकील, एक मठाचे महंत, राजनांदगावच्या गिरणी कामगारांचा संप लढवलेले एक कामगार पुढारी, एक मौलाना आणि एक मारवाडी. त्या वेळचे अख्खे रायपूर या पाच जणांत आले. आणि या सर्वांनी मिळून धर्मराजाची जागा दिली ती मराठी माणसाला. कोणी मागून मिळण्यासारखी ती जागा नव्हती. वामनरावांना एक वर्षाची शिक्षा आणि तीन हजार रुपये दंड झाला. वय अठ्ठावन्नच्या घरात. दंडाची रक्कम पाहा आणि त्या वेळच्या सोन्याचा भाव घरातल्या जुन्या माणसांना विचारा!

1941 मध्ये वैयक्तिक सत्याग्रहात ते पुन्हा उतरले, सिमग्याला पकडले गेले आणि चार महिने तुरुंगात राहिले. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. या वयात आपण बागेत फिरायला जातो आणि गुडघ्यांविषयी बोलतो. सुटल्यावर तरी त्यांनी विश्रांती घ्यावी, तर 1945 मध्ये बलौदाबाजारला शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी उभी करण्यात ते पुढे होते. 1913 मध्ये कर्जाची सोय केली, पण भात विकताना शेतकरी पुन्हा व्यापाऱ्याच्याच दारात. म्हणून गिरणीही त्याचीच हवी. बत्तीस वर्षे एकच विचार डोक्यात ठेवून त्याचे पुढचे पाऊल टाकणारी माणसे राजकारणात थोडी. स्वातंत्र्य त्यांनी पाहिले. 21 ऑगस्ट 1948 रोजी ते गेले. त्यांच्या नावाची शाळा झाली, वस्तीला नाव मिळाले.

आता थोडे आपल्याविषयी. आपली मंडळे छान चालतात. आरती वेळेवर होते, नाटक बसते, भोंडला होतो, पुरणपोळीच्या जेवणाला गर्दी होते. मी स्वतः या सर्वांत आनंदाने असतो. पण आपल्या मांडवात शेजारचे किती येतात? पाण्याच्या, शाळेच्या, वॉर्डाच्या सभेला आपल्यातले किती जातात? “आपण इथले नाही, आपल्याला काय करायचे” हे वाक्य तीन पिढ्या इथे काढलेल्या घरातही मी ऐकले आहे. इथल्या राजकारणात मराठी माणसाला कोण विचारतो, असेही म्हणतात. तेव्हा मला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे 1930 ची ती पाच नावे. दुसरी अलीकडची. 1978 मध्ये रायपूर महापालिकेत नगरसेवक म्हणून सुरुवात केलेले, पुढे सात वेळा रायपूरचे खासदार झालेले रमेश बैस 2023 आणि 2024 मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल होते. मुंबईच्या राजभवनात रायपूरकर चालतो, तर रायपूरच्या वॉर्डात मराठी माणूस का चालू नये?

शेवटी समितीपुढे एक सूचना ठेवतो. वामनरावांची जयंती 17 सप्टेंबरला, म्हणजे बहुधा गणेशोत्सवाच्या आगेमागे येते. 2024 साली तर अनंत चतुर्दशी नेमकी त्याच तारखेला होती. उत्सवातल्या एका संध्याकाळी त्यांच्यावर हिंदीत व्याख्यान ठेवावे आणि त्याला वस्तीतल्या सर्वांना बोलवावे. तसेच तात्यापारा, पुरानी बस्ती आणि ब्राह्मणपाऱ्यातल्या ज्या जुन्या घरांत सहकारी बँकेचे भागपत्र, पासबुक, ‘छत्तीसगढ़ मित्र’चे अंक, सत्याग्रहाच्या वेळची पत्रे किंवा छायाचित्रे असतील त्यांनी ती रद्दीत न देता मंडळाच्या कार्यालयात दाखवावीत. कागद परत केले जातील, फक्त नक्कल काढून घेऊ. मोडी वाचणारे दोन सभासद आपल्यात आहेत, त्यांनी वाचून देण्याचे कबूल केले आहे. मी रोज संध्याकाळी सहा ते आठ कार्यालयात असतो.