सातबारा गेला, जमीन तिथेच होती

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली होती : "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस कॉम्प्युटरच्या डिस्कवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आमच्या पुस्तकाचं एक अख्खं प्रकरण डिस्कवर गेलं, तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो, एवढंच.

आकुर्डीत ज्यांनी नव्वदचं दशक काढलं त्यांना गुरुवार सांगायला नको. कारखान्यांना सुट्टी आणि दुरुस्तीसाठी वीज बंद. अशाच एका गुरुवारी आम्ही घड्याळ न बघता लिहीत बसलो, 'सेव्ह' केलं, आणि नेमका तेव्हाच डोक्यावरचा पंखा थांबला. यूपीएस नव्हता. जागा वाचवायची म्हणून आधीची प्रत ठेवण्याची सोयही आम्हीच बंद केलेली. दुपारी वीज आली तर फाईलचं नाव जागेवर, आकार शून्य. शेजारचा मुलगा म्हणाला, चेकडिस्क चालवा. पडद्यावर प्रश्न आला : तुटलेल्या साखळ्यांच्या फाईली करायच्या का, हो की नाही? म्हटलं, नको बाबा, आहे तसं राहू दे. 'नाही' दाबलं.

त्या 'नाही'चा अर्थ कळायला १९७७ सालात जावं लागतं. मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅक्डॉनल्ड यांनी फ्लॉपीसाठी एक तक्ता तयार केला, फाईल ॲलोकेशन टेबल, म्हणजेच 'फॅट'. डिस्कचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, आणि कोणत्या तुकड्यानंतर कोणता, हे तक्त्यात लिहायचं. फाईलचं नाव आणि तिचा पहिला तुकडा यांची नोंद वेगळीकडे. आपल्या भाषेत, जमीन वेगळी आणि सातबारा वेगळा. वीज गेली तेव्हा आमचं लिखाण जमिनीवर उतरलं होतं, पण नावावर चढायचं राहिलं होतं. 'हो' म्हटलं असतं तर त्या बेवारस तुकड्यांना काहीबाही नाव मिळालं असतं. 'नाही' म्हणजे जमीन मोकळी समजा, कुणालाही द्या! दप्तर नीट लावणं हे त्या प्रोग्रामचं काम. तुकड्यांत कुणाचं काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वाईट बघा, तरीही शब्द अजून डिस्कवरच होते. मोकळं म्हणजे पुसलेलं नव्हे. पण आम्ही रागारागानं त्याच डिस्कवर नव्यानं लिहायला बसलो, आणि जुन्यावर नवं बांधकाम झालं.

हेच पुढे मोठ्या प्रमाणावर घडलं. २६ एप्रिल १९९९, सोमवार. चेर्नोबिल नावानं गाजलेल्या सीआयएच व्हायरसनं डिस्कच्या सुरुवातीच्या एक एमबीवर शून्यं लिहिली. सगळं गेलं म्हणून अनेकांनी फॉरमॅट मारला. खरं तर तक्त्याच्या दोन प्रती असतात. साधारण एक जीबीहून मोठ्या फॅट-३२ भागात पहिलीच प्रत तो एक एमबी खाऊन टाकते, दुसरी पुढे सुखरूप असते. जे थांबले त्यांची डिस्क त्या प्रतीवरून परत उभी करता येत होती. फॉरमॅटनं मात्र दोन्ही प्रती कोऱ्या केल्या. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलाश काटकर आणि त्यांचे भाऊ संजय 'क्विक हील' घेऊन पुढे आले ते याच दशकात. जाणते दुरुस्तीवाले आजही आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत काढतात आणि हात प्रतीला लावतात, मूळ डिस्कला नाही.

वीज जाण्यावरचा इलाज आपल्या पेढीवरच्या मुनीमजींना ओळखीचा वाटला असता. आधी कीर्द, मग खतावणी. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस, २००१ मध्ये लिनक्समध्ये आलेली ईएक्सटी-३, दोघींनीही काय बदल करायचा ते आधी कीर्दीत लिहायला सुरुवात केली. मध्येच वीज गेली तर कीर्द वाचून खतावणी जुळवायची. पण बरं का, एनटीएफएसच्या कीर्दीत दप्तराचे बदल असतात, तुमचा परिच्छेद नसतो. दप्तर चोख आणि पान कोरं, हे आजही होऊ शकतं.

त्या प्रकरणाची तीन पानं एका विद्यार्थ्याकडे छापील निघाली. बाकीचं पुन्हा लिहिलं. ते वेगळंच झालं. पुस्तकात आहे ते हे दुसरं.